जमिनीवरून बेदखल

गेल्या अधिक महिन्यात आमच्या आळीतील एका सद्गृहस्थाच्या घरी धोंड्याचे जेवण होते. आणि ज्याचे मानपान व्हावयाचे तो जावई जरी एकच असला, तरी त्या मानपानाला पंच म्हणून आम्हा पंधरा-वीस शेजाऱ्यांचीही पंगत मांडण्यात आली होती. पाट होते, पाटांभोवती रांगोळी होती, केळीची पाने होती आणि पानांत तुपाने न्हालेले पुरणाचे धोंडे होते. जेवण यथासांग झाले, यजमानांनी हात जोडले, पंगत उठली. आणि मी उठलो नाही. उठलो नाही असे म्हणण्यापेक्षा, उठण्याचा जो हुकूम मी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मस्तकाच्या सदर कचेरीतून खाली रवाना केला, तो उजव्या गुडघ्याच्या नाक्यावर अडवून ठेवण्यात आला, असे म्हणणे अधिक कायदेशीर होईल. पाटाची कड धरून मी दुसऱ्यांदा जोर केला, तेव्हा वाळलेल्या शेंगांवर कोणी पाय द्यावा तसा एक आवाज त्या ठिकाणाहून निघाला आणि मी पूर्वस्थळी स्थानापन्न झालो. हे दृश्य पाहणाऱ्या वाढप्याचा समज, परिस्थितिजन्य पुरावा लक्षात घेता, अगदी स्वाभाविक होता. ‘अण्णा अजून बसलेत, इकडे धोंडे आणा,’ अशी त्याने आत वर्दी दिली. आणि मला नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण नाही म्हणणाऱ्याला उठावे लागते. मी एक धोंडा खाल्ला. मग आग्रहाचा एक खाल्ला. मग यजमानीणबाई स्वतः आल्या म्हणून एक, आणि जावईबापूंनी हौसेने आपल्या हाताने वाढला म्हणून एक, असे चार धोंडे मुदतवाढीपोटी पचवल्यावर, हात धुण्याच्या निमित्ताने यजमानांच्या दोन पुतण्यांनी मला दोन बाजूंनी उचलले. दुसऱ्या दिवशी गावात माझी जी कीर्ती पसरली ती संधिवाताची नव्हती, खादाडपणाची होती. आणि माणसाचा अहंकार असा चमत्कारिक आहे, की कित्येक दिवस मी ती खोडून काढली नाही.

माझे सारे आयुष्य जमिनीत गेले. शेतकऱ्याचे जाते तसे नव्हे. मी महसूल खात्यात होतो आणि मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून पेन्शनीत निघालो. सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी, मोजणीच्या तारखा, हद्दीचे सरकलेले दगड आणि त्या दगडांपायी सरकलेली डोकी, यांच्या सहवासात माझी हयात सरली. कोणाची वहिवाट किती वर्षांची, कब्जा कोणाचा, बेदखल कोणी कोणास केले, हे मी इतक्या वेळा लिहिले आहे, की एके दिवशी मलाच माझ्या वहिवाटीच्या जमिनीवरून बेदखल केले जाईल आणि ते करणारा माझा सख्खा गुडघा असेल, ही कल्पनाही मला कधी शिवली नव्हती.

कारण मराठी माणसाचा संसार मुळात जमिनीवरचा. तो पाटावर जेवतो, आसनावर पूजा करतो, सतरंजीवर गाणे ऐकतो, चटईवर निजतो, ओसरीवर पत्ते खेळतो. आणि ज्या प्रातर्विधीचा उल्लेख शिष्ट लेखनात करीत नाहीत, तोही पिढ्यान्‌पिढ्या त्याने उकिडवे बसूनच उरकला आहे. खुर्ची ही त्याला कचेरीपुरती ठाऊक. घरी आला की तो जमिनीशी रुजू. आमच्या घरात ही शिस्त मी कसोशीने पाळली होती. स्वयंपाकघरातली विळी काही वर्षांपूर्वी जमिनीवरून ओट्यावर चढली, तेव्हा ‘सुधारणावादाची लाट अखेर आमच्या घरात शिरली’ असा टोमणा मी सौभाग्यवतीला मारल्याचे मला पक्के आठवते. येथे वाईला कृष्णेच्या घाटावर आमचा ढोल्या गणपती एवढा प्रचंड देह घेऊन दोनशे वर्षांहून अधिक काळ बसला आहे, आणि त्याच्या गुडघ्यांची तक्रार कोणी ऐकलेली नाही. पण बारकाईने विचार करता त्याच्या आणि माझ्या प्रकृतीतला भेद एवढाच, की त्याला उठावयाचे नसते. बसणे मलाही कधी कठीण गेले नाही.

खादाडपणाची कीर्ती ओसरून खरी बातमी फुटली, तेव्हा समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. ज्या गावात मराठी विश्वकोशाची रचना झाली, त्या गावात सर्वज्ञतेचा तुटवडा असण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की विश्वकोशातली नोंद तज्ज्ञाकडून लिहून घेतात, तपासतात आणि मग छापतात, आणि आमच्या ओसरीवरची नोंद या तिन्ही पायऱ्या गाळून थेट अमलात येते. येणारा प्रत्येक जण प्रथम गुडघा पाहावयास मागे, बोटाने दाबून ‘इथं का?’ असे विचारी, माझ्या किंकाळीने त्याचे समाधान झाले की मान हलवी, आणि चहा येईपर्यंत उपाय सांगून मोकळा होई. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका चालकाने तर हातही न लावता, नुसता आवाज ऐकूनच निदान केले : ‘अण्णा, वंगण संपलं.’ पुढे मला कळले, की निरोगी गुडघ्यातही हे वंगण चार मिलिलिटरहून कमी, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नसते. ज्या यंत्राला इतक्या अल्प वंगणावर साठ-सत्तर वर्षे चालवले जाते, त्याची तुलना एस.टी.च्या गाडीशी करणे गाडीवर अन्याय करणारे नव्हते.

उपायांचा तपशील देऊ लागलो तर दप्तर वाढेल, म्हणून गोषवारा देतो. रुईची पाने तव्यावर गरम करून, त्यांना तेल चोपडून गुडघ्यावर बांधावीत, हा एक पक्ष. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यावा, हा दुसरा. वाळूची पुरचुंडी, विटेचा तुकडा किंवा मिठाची पोटली, हा तिसरा. तेलांमध्ये तिळाचे, मोहरीचे, लसूण कढवलेले आणि महानारायण असे चार पंथ होते व त्यांचे अनुयायी एकमेकांच्या तेलाला तेल म्हणावयासही तयार नसत. मेथीच्या आणि डिंकाच्या लाडवांवर मात्र सर्वांचे एकमत झाले, आणि हे एकमत माझ्या वजनाला फार महागात पडले. त्याच्या उलट अपथ्याच्या यादीत प्रत्येकाने आपापली भर घातली. वाल, पावटा, वाटाणा आणि हरभरा हे वातूळ म्हणून पहिल्याच दिवशी जप्त झाले. बटाटा दुसऱ्या दिवशी गेला. दही, ताक, चिंच, टोमॅटो हे आंबट म्हणून गेले, वांगे वांगे म्हणून गेले. आणि पंधरवड्याअखेर हिशेब घेतला तेव्हा माझ्या ताटात मुगाचे वरण, दुध्याची भाजी आणि वर सांगितलेले लाडू एवढीच शिल्लक उरली होती.

त्यानंतर आमचे जुने स्नेही, वैद्यकीवर निष्ठा असलेले एक शास्त्रीबुवा आले, आणि त्यांनी या सर्व अडाणी गलबल्याला शास्त्राची बैठक दिली. बैठक त्यांनी अर्थात खुर्चीवरूनच दिली, कारण त्यांचेही गुडघे गेलेले आहेत. त्यांच्याकडून मला कळले, की चरकाने पित्ताचे ४० आणि कफाचे २० रोग सांगितले असून एकट्या वाताचे ८० सांगितले आहेत. सांध्यात शिरलेल्या वाताची सूज हाताला वाऱ्याने फुगवलेल्या पखालीसारखी लागते, असे त्याचे निरीक्षण आहे. आमवाताला स्वतंत्र अध्याय देण्याचा मान माधवनिदानाकडे जातो. आणि ज्या वातरक्तात पायाचा अंगठा रात्री अचानक निखाऱ्यासारखा पेटतो, त्याला चरकाने आढ्यवात, म्हणजे सधनांचा वात, असेही एक नाव दिले आहे. हे नाव ऐकून मी आशेने अंगठा पुढे केला. परंतु त्यांनी तो निरखून माझी ऐपत त्या रोगाची नसल्याचा निर्वाळा दिला. निघताना त्यांनी एका गमतीच्या वनस्पतीचाही उल्लेख केला. बाळंतवेणा आणणारी म्हणून जिला आपण कळलावी म्हणतो, तिच्यापासून काढलेले कोल्चिसीन हे द्रव्य या अंगठ्याच्या वाताची कळ थांबवण्यास जगभर वापरतात. मात्र मूळ वनस्पती जहाल विषारी असल्याने परसात ती दिसली तरी मी तिला फक्त नमस्कार करावा, असे त्यांनी दोनदा बजावले.

माझ्यासाठी त्यांनी एरंडेल योजले. जुन्या वैद्यकग्रंथांत आमवाताला शरीररूपी वनात मोकाट फिरणाऱ्या हत्तीची उपमा दिलेली आहे, आणि त्याचा वध करणारा एकमेव सिंह म्हणजे एरंडेल, असे म्हटलेले आहे. सुंठीच्या काढ्याबरोबर हा सिंह मी रात्री नऊ वाजता आत सोडला. पहाटेपर्यंत त्याने माझ्या उदरातील एकही कोपरा गर्जना केल्यावाचून सोडला नाही. आणि घरातील ज्या एका स्थळी मला उकिडवे बसणे अशक्य झाले होते, त्याच स्थळी त्याने मला सहा वेळा धाडले. हत्ती मात्र त्याला सापडला नाही, कारण तो गुडघ्यात होता.

तांब्याचे कडे मला एका मित्राने भेट दिले. ते घातल्यावर मनगट हिरवे झाले आणि गुडघा होता तसा राहिला. परंतु ‘तीन महिने धीर धरा’ असे मित्राचे म्हणणे असल्याने मी ते काढले नाही. पुढे माझ्या नातवाने शोधून सांगितले, की इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना आळीपाळीने तांब्याची कडी आणि लोहचुंबकाचे पट्टे बांधून पाहिले, आणि २०१३ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की खोट्या कड्याने जेवढा गुण येतो त्याहून अधिक खऱ्या कड्याने येत नाही. मी हा निष्कर्ष मित्राच्या कानावर घातला. त्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे थोडा येतो ना?’ अशा माणसाशी वाद घालणे गुडघ्याला झेपण्यासारखे नव्हते.

एका बाबतीत मात्र या व्याधीने मला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि ती म्हणजे पर्जन्याचे भाकीत. वाईला महाबळेश्वरच्या बाजूने ढग उतरू लागण्यापूर्वी माझा गुडघा बोलू लागतो, अशी वार्ता पसरली. पापड घालावयाचे असोत की वाळवण, ‘अण्णांच्या गुडघ्याला विचारून या’ असे म्हणून आळीतल्या बायका पोरांना पाठवू लागल्या. हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, तर माझ्या गुडघ्याची वेधशाळा अवघ्या काही महिन्यांची. तरी विश्वास अधिक कोणावर, हे सांगावयास नको. या विषयाचा न्यायनिवाडाही मोठा मनोरंजक आहे. रेडेलमायर आणि ट्वर्स्की या संशोधकांनी १८ रुग्णांच्या वेदनांची आणि हवेची पंधरा महिने गाठ घालून पाहिली आणि १९९६ साली दावा साफ फेटाळला : हवेचा आणि दुखण्याचा संबंध नाही, माणसाला जुळलेले योग तेवढे आठवतात आणि हुकलेले विसरतात. त्यावर इतक्या वर्षांनी, २०१९ साली, ब्रिटनमधील अडीच हजारांहून अधिक लोकांच्या रोजच्या नोंदींवरून मँचेस्टरच्या संशोधकांनी अपिलाचा निकाल दिला : दमट, वारा सुटलेल्या आणि हवेचा दाब उतरलेल्या दिवशी दुखणे थोडे वाढते, पण थोडेच. म्हणजे कचेरीच्या भाषेत, अपील अंशतः मंजूर, खर्च ज्याचा त्याने सोसावा. माझ्या भाकितावर विसंबून कुर्डया वाळत न घातलेल्या तीन घरांनी तो खर्च सोसला, आणि मग माझी वेधशाळा लोकांनी परस्पर बरखास्त केली.

आमच्या आळीतील आणखी एका वातग्रस्त गृहस्थांची कथा येथे सांगितली पाहिजे. आठवड्याच्या बाजारात एका चूर्णवाल्याने त्यांना ‘शुद्ध जडीबुटी’ची पुडी दिली. तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ घाटाच्या पायऱ्या काठीवाचून उतरले, आठव्या दिवशी त्यांनी मला मेणवलीपर्यंत फिरावयास चलण्याचे आव्हान दिले, आणि मत्सर हा रोग सांध्यांपेक्षा किती खोलवर असतो याचा मला प्रत्यय आला. दोन महिन्यांत त्यांचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला. प्रकृती सुधारली म्हणून आम्ही अभिनंदन करतो आहोत, तोच त्यांची साखर आणि रक्तदाब दोन्ही वर चढले, आणि डॉक्टरांनी पुडी हुंगून सांगितले, की जडीबुटीच्या नावाखाली यात स्टेरॉइड कुटलेले दिसते.

या चूर्णवाल्याला ठाऊक नसेल, पण त्याची वंशावळ थोर आहे. ज्या १९४८ साली मुंबई इलाख्यात कूळकायदा आला आणि आमच्या खात्याच्या पिढ्यांची झोप उडाली, त्याच साली सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरने आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची पहिली सुई टोचली, आणि जिला बिछान्यात कूस बदलता येत नव्हती ती थोड्याच दिवसांत बाजारहाट करावयास बाहेर पडली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर हेही दिसू लागले होते, की हे औषध सावकारासारखे आहे : गरजेला ताबडतोब उभे राहते, आणि हिशेब ठेवणारा जाणकार मध्ये नसेल तर पुढे घरदार लिहून घेते. नोबेलविजेत्यांनाही ज्याच्या मात्रेची धास्ती वाटली, ते औषध आमच्या बाजारात चहाच्या चमच्याने मोजून मिळत होते.

एवढे सगळे झाल्यावर मुलीने मला कल्याणला नेले आणि तेथून जावईबापूंनी वज्रेश्वरीला. तानसा नदीच्या काठी, अकलोली नावाच्या ठिकाणी गंधकाच्या गरम पाण्याची कुंडे आहेत, आणि वाताचे रोगी तेथे दुरून येऊन पाय सोडून बसतात. मराठी भाषेने ज्याची अक्कल गुडघ्यात ठेवली आहे, त्याने गुडघा घेऊन अकलोलीस जावे, यात स्थलदेवतेचा काही संकेत असावा, असे मला वाटले. पाणी खरोखर सुखाचे होते. कढत पाण्यात गुडघा बुडताच आखडलेला सांधा सैल पडला आणि मला अंतर्यामी कृतज्ञतेचा उमाळा आला. आता देवीचे दर्शन घेतलेच पाहिजे, असे मी म्हणालो, आणि तेथेच चूक झाली. हे देऊळ चिमाजी आप्पांनी वसई सर केल्यावर, १७३९ साली, नवस फेडण्यासाठी बांधविले. आणि ज्याने पोर्तुगीजांच्या तटावर शिड्या लावल्या, त्याने देवळाला बावन्न पायऱ्या ठेवल्या, यात त्याच्या दृष्टीने काही विशेष नव्हते. कुंडाने जे दिले ते मी पंचविसाव्या पायरीपर्यंत खर्च केले, उरलेल्या सत्तावीस पायऱ्या जुन्या शिलकेतून चढलो, आणि उतरताना काय झाले ते जावईबापूंनी अजून कोणाला सांगितलेले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अखेर सातारला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. जे प्रथम करावयाचे ते शेवटी करणे, हा आमच्या खात्याचा रिवाज मी येथेही पाळला. त्यांनी बोटे तपासली, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडतात ते विचारले, आणि मग समजावून सांगितले, की संधिवात हे एका माणसाचे नाव नसून आडनाव आहे. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजले आणि सकाळचे आखडणे तासाहून अधिक टिकले, तर तो आमवात असण्याचा संभव. त्यात शरीराचे रक्षकदल घरच्याच सांध्यांवर चाल करून जाते, आणि तेथे लाडू-तेलात महिने घालवणे म्हणजे दंगल चालू असता अर्ज लिहीत बसणे. त्याची खास औषधे वेळीच सुरू व्हावी लागतात. रक्तात युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचले, तर ते वातरक्त. माझे आखडणे अर्ध्या तासाच्या आत सुटत असे, आणि क्ष-किरणाच्या छायाचित्रात दोन हाडांमधली फट एका बाजूस निमुळती झालेली दिसत होती. म्हणजे माझी साधी झीज. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिनी नसते आणि मज्जातंतूही नसतो. ती वर्षानुवर्षे झिजते आणि चकार शब्द काढीत नाही. तक्रार येते ती तिच्या झिजण्याने उघड्या पडलेल्या शेजाऱ्यांची. झिजणारा मुका आणि फिर्याद तिसऱ्याचीच, असा खटला मी नोकरीतही पाहिला नव्हता.

शस्त्रक्रियेचा विषय मीच काढला. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे, हे मी वर्तमानपत्रातून कापून ठेवले होते, आणि सरकारी दराची वस्तू हातची जाऊ नये असे मला वाटत होते. डॉक्टर हसले. त्या मुक्कामाला तुम्ही अजून पोहोचलेला नाही, असे म्हणून त्यांनी चार ओळींचा हुकूम लिहून दिला : वजन उतरवा, मांड्यांचे स्नायू बळकट करा, रोज सपाटीवर चाला, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. सूज असेल तेव्हा थंड शेक, आखडेल तेव्हा गरम. वरून लावावयास मलम. आणि वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण तिची वसुली जठर आणि मूत्रपिंड यांच्याकडून होते. वजनाचे गणित तर त्यांनी असे मांडले, की माझी मान खाली गेली : अंगावरचे एक किलो कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. मी मनातल्या मनात त्या चार धोंड्यांना आणि दोन महिन्यांच्या मेथीच्या लाडवांना चाराने गुणले आणि गुणाकार कोणास सांगितला नाही.

खरे सांगायचे तर माझी निराशा झाली. या हुकुमात एकही पाला नव्हता, एकही धातू नव्हता, एकही तीर्थक्षेत्र नव्हते. जो उपाय फुकट आहे, घरातल्या घरात आहे आणि रोज करावा लागतो, तो दुसऱ्याला सांगण्यात कसली प्रौढी? ओसरीवर येणाऱ्या मंडळींना मी तो सांगून पाहिला, तेव्हा त्यांनी ‘व्यायाम तर काय, करावाच’ असे म्हणून विषय बदलला, आणि एकाने जाता जाता नव्या तेलाचे नाव सांगितले.

व्यायाम शिकवावयास एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. ‘काका, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची आणि दहा आकडे मोजायचे,’ असे त्यांनी सांगितले. मला ते नीट उमगेना, तेव्हा त्यांनी सौभाग्यवतीला बोलावले : ‘काकू, जरा या इथं खाटेवर बसा, काकांना दाखवू.’ ती पदराला हात पुसत आली, बसली, आणि बसताना तिच्या गुडघ्यातून जो आवाज निघाला, त्यापुढे माझ्या वाळलेल्या शेंगा म्हणजे काहीच नव्हेत. तो लाकडाच्या वखारीतला आवाज होता.

‘काकू, हे कधीपासून?’

‘असतील दहा-बारा वर्षं,’ ती म्हणाली. ‘चालायचंच. चहा टाकू ना तुम्हाला?’

ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या, त्याच्या दप्तरात घरच्या या तक्रारीला आवक क्रमांकसुद्धा पडलेला नव्हता. मग एकेक कागद आपोआप समोर येऊ लागला. विळी ओट्यावर चढली ती सुधारणावादाने नव्हे. डाळींचे डबे खालच्या फळीवरून वर गेले, देवघरात पाटाच्या जागी स्टूल आले, भाजी निवडण्याचा कार्यक्रम ओसरीवरून दिवाणावर गेला. जमिनीवरून बेदखल होण्याची ही सारी कारवाई माझ्या डोळ्यांदेखत, नोटिशीवाचून, दहा वर्षे चालली होती, आणि मी प्रत्येक खेपेस एखादा टोमणा मारून फेरफार मंजूर केला होता. माझ्या गुडघ्याच्या समाचाराला जी शे-दीडशे माणसे येऊन गेली, त्या प्रत्येकाचा चहा कोणाच्या गुडघ्यांवरून ओसरीपर्यंत आला, हे मोजण्याचे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांच्याही आले नव्हते. मुक्या कूर्चेचा तो खटला मला नवा वाटला, याचे कारण मी घरात पाहिले नव्हते.

तेव्हापासून सकाळी सहा वाजता आमच्या खाटेवर दोन टॉवेलांच्या दोन गुंडाळ्या मांडल्या जातात आणि आम्ही दोघे चार गुडघ्यांनी त्या दाबतो. आकडे ती मोजते. माझ्या वेळी तिचे दहा सावकाश होतात, आणि स्वतःच्या वेळी ती सातावरून एकदम दहावर उडी मारते, कारण आत गॅसवर दूध असते. चार महिन्यांत माझे वजन पाच किलो उतरले; गुडघा निकाली निघालेला नाही, पण खटला तहकूब आहे आणि तारखा लांबच्या पडत आहेत.

परवा ती सातावर असतानाच आतून दुधाचा फसफसाट ऐकू आला. ती उठू लागली. ‘तू दहा पुरे कर,’ असे म्हणून मी पाय खाली सोडले आणि सदर कचेरीतून हुकूम रवाना केला. उजव्या गुडघ्याने आपला तो जुना कडकड शेरा मारला, परंतु हरकत घेतली नाही. मी उठलो, खाटेच्या कडेला हात न लावता उठलो, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्या पायांवर स्वयंपाकघरात रुजू झालो.

दूध अर्थात तोवर उतू गेले होते.